‘येते’चं हिंदी

सातवीण फुलली की मला कुठे तरी पोचायला उशीर होतोय असं वाटायला लागतं. कुठे ते माहीत नसतं. ऑक्टोबर अर्धा उलटलेला असतो, दिल्लीचा उकाडा जाता जाता दारात घोटाळत असतो, पंखा लावला तर नको आणि बंद केला तर हवा. गुडगावात आमच्या सोसायटीच्या फाटकापासून मुख्य रस्त्यापर्यंत दोन्ही अंगांना सातविणीच आहेत. त्या कोणी लावल्या देव जाणे, पण त्याला नाक नसावं. पहिल्या दिवशी त्या वासाला माणूस ‘वा’ म्हणतो आणि चौथ्या दिवशी डोकेदुखीची गोळी शोधतो.

काल संध्याकाळी तो वास खिडकीतून आत आला, तेव्हा माझा मुलगा सोफ्यावर आडवा पडून फोनवर सिनेमा बघत होता. दीडपट वेगाने. त्यातली माणसं भराभरा बोलत होती, भराभरा भांडत होती, एक बाई तर इतक्या भराभरा रडली की मला हसूच आलं.

“अरे, निदान रडताना तरी वेग कमी कर,” मी म्हटलं.

“मम्मा, यार, काही होतच नाहीये ह्यात. बिल्कुल स्लो आहे.”

ह्यावर बोलायचा हक्क मला नाहीच. संथ सिनेमासमोर माझ्याइतकी चुळबुळ केलेलं माणूस अख्ख्या दिल्लीत सापडायचं नाही. आणि ती चुळबुळ जिथे शिगेला पोचली तो रविवार असाच सातविणीच्या वासातला होता.

आम्ही तेव्हा दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात राहायचो, सरकारी क्वार्टरमध्ये, वरच्या मजल्यावर. जिना चढताना दर मजल्यावर फोडणीचा प्रांत बदलायचा. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते आणि त्यांना आयुष्यात एकच नाद होता, संथ सिनेमाचा. वसाहतीतल्या मराठी मंडळातर्फे ते दर महिन्याच्या एका रविवारी दुपारी तीन वाजता कम्युनिटी हॉलमध्ये सिनेमा दाखवायचे. कुठून कुठून पत्रं लिहून रिळं मागवायचे. पत्र्याच्या चपट्या डब्यांतून रिळं रेल्वेने यायची, बाबा ती स्कूटरवर पायापाशी ठेवून घरी आणायचे आणि एका कचेरीतून उसना आणलेला जुना प्रोजेक्टर स्वतः चालवायचे. आई कधीच यायची नाही. “तुमच्या ऑफिसातली फाइल हलत नाही, तशी तुमच्या सिनेमातली माणसं हलत नाहीत. रोज एक बघते तेवढं पुरे,” म्हणायची आणि आपल्या चकलीच्या भाजणीकडे वळायची.

मी मात्र जायची. बाबांना रीळ बदलायला एक हात लागायचा, तो माझा. शिवाय मी नाही गेले तर शेवटपर्यंत बसणाऱ्या प्रेक्षकांची संख्या लक्षात येईल इतकी कमी व्हायची.

त्या ऑक्टोबरात माझ्या घशात एक वाक्य अडकून बसलं होतं. बाबा डिसेंबरअखेर निवृत्त होणार होते. क्वार्टर सोडायचं होतं. साताऱ्यात घर बांधायला काढलं होतं आणि त्याचा नकाशा आमच्या जेवणाच्या टेबलावर काचेखाली असायचा. नकाशात पूर्वेकडच्या खोलीवर बाबांनी शिसपेन्सिलीने लिहिलं होतं, ‘मनीषा’. येईल त्याला ते बोट ठेवून दाखवायचे, “ही हिची. सकाळचं ऊन थेट पलंगावर.” आणि मी, जिचं नाव त्या खोलीवर होतं, गुडगावात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत दीड वर्ष काम करत होते. कंपनी मानेसरला नवा कारखाना काढत होती. तिथल्या खरेदी विभागात मला कायम करायला ते तयार होते. हो की नाही, ते त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सांगायचं होतं. मला हो म्हणायचं होतं. दिल्लीतल्याच मुनिरक्यात एका मैत्रिणीच्या शेजारची खोलीसुद्धा मी बघून ठेवली होती. फक्त बाबांना सांगायचं राहिलं होतं, आणि ते तीन आठवडे राहिलं होतं.

“साताऱ्याला थंडी कितपत असते हो?” “तिकडे इंटरनेट आलं असेल का?” असले प्रश्न विचारत मी ताकाला जाऊन भांडं लपवत होते. बाबा प्रत्येक प्रश्नाचं सविस्तर उत्तर द्यायचे. त्यांना वाटायचं, पोरीला ओढ लागलीय.

ओढ लागली होती, पण ती सकाळच्या सात वाजताच्या बसची. धौला कुआँच्या पुढे शहर संपायचं आणि दुसरं काहीतरी सुरू व्हायचं. एका बाजूला बाजरीचं शेत, दुसऱ्या बाजूला काचेची इमारत, मधे म्हशी. आज खड्डा दिसला तर महिन्याभराने तिथे चार मजले उभे असायचे. बसमध्ये सगळे माझ्याच वयाचे, सगळ्यांच्या गळ्यात नवीन ओळखपत्रं, सगळे एकदम बोलणारे. त्या रस्त्याला घाई होती आणि माझीही घाई त्याला चालत होती. घरी मात्र मला ‘जरा एका जागी बस’ एवढं एकच वाक्य ऐकू यायचं. माझ्या पायाला भिंगरी आहे हे आईचं निदान होतं, आणि ते चुकीचं नव्हतं.

संथ सिनेमाशी माझं भांडण तिथेच होतं. धावत्या सिनेमात आपण स्वतःला विसरतो. संथ सिनेमा मात्र आपल्याला हाताला धरून आपल्याच शेजारी आणून बसवतो, आणि मग पडद्यावर वाऱ्याने दार हलत असतं तेव्हा आपण आपल्याच मनाचा पाढा म्हणत असतो. मला त्या दिवसांत नेमकी तीच सोबत नको होती.

त्या खेपेचा सिनेमा मराठी होता. नाव आता आठवत नाही, दिग्दर्शकाने पुढे दुसरा काढल्याचंही ऐकिवात नाही. शनिवारी संध्याकाळी बाबांनी पहिलं रीळ थोडं चालवून पाहिलं आणि इथेच घोड्याने पेंड खाल्ली. प्रिंटला सबटायटल्स नव्हती. मंडळ मराठी असलं तरी हॉलमध्ये निम्मे लोक शेजारपाजारचे, हिंदी बोलणारे असायचे, कारण रविवारी दुपारी फुकटात गार हॉल मिळायचा. बाबा मिनिटभर विचारात पडले आणि मग त्यांचा चेहरा उजळला.

“तू माइकवर हिंदी सांग. बोलणं फार नाहीच आहे.”

“बाबा, मी काय आकाशवाणी आहे?”

“तुझं हिंदी माझ्यापेक्षा चांगलं आहे,” ते म्हणाले. ह्यात कौतुक किती आणि तक्रार किती ते मला कळलं नाही. घरी मराठी आणि जिन्यात हिंदी अशी मी वाढले. लहानपणी शाळेला निघताना मी ‘जाते’ म्हणायची आणि आई दारातून परत बोलवायची. “जाते नाही म्हणायचं. येते म्हण.” मग मी ‘येते’ म्हणून जायची. दिल्लीतल्या मुलीला ह्यातलं तर्कशास्त्र कळत नसे, पण परत जिना चढायचा कंटाळा मोठा होता.

रविवारी हॉल भरला. तळमजल्यावरच्या मल्होत्रा आंटी विणकाम घेऊन पहिल्या रांगेत. मागच्या बाजूला कँटोनमेंटमधले पाच-सहा जवान, सगळे सातारा-सांगलीकडचे. मराठी सिनेमा म्हणजे ढोलकी असणार ह्या आशेवर लांबून आलेले. मी मधल्या वाटेत प्रोजेक्टरशेजारी खुर्ची टाकून, हातात माइक धरून बसले. शेजारी बाबा. म्हणजे ज्या माणसाला एक वाक्य सांगायचं होतं त्याच्या खांद्याला खांदा लावून दोन तास, आणि हातात माइक. ह्याहून अवघडलेली जागा सापडायची नाही.

सिनेमा सुरू झाला. एक घर, एक ओसरी, एक म्हातारी सुपात तांदूळ निवडतेय. एक मिनिट झालं. दोन झाली. म्हातारी खडा उचलते, बघते, टाकते. मी माइक ह्या हातातून त्या हातात घेतला. इतके लोक आणि सांगायला काही नाही. शेवटी न राहवून मी म्हटलं, “दादी चावल चुन रही हैं.”

“अगं, डोळे आहेत त्यांना,” बाबा कुजबुजले.

तिसरं मिनिट. चौथं. मग घरातून सून बाहेर आली. तिच्या हातात कापडी पिशवी. अंगणातल्या दांडीपाशी ती जराशी थांबली, उंबऱ्याकडे एकदा पाहिलं आणि सासूला म्हणाली, “येते.”

सिनेमातला पहिला शब्द. मी इतकी टपून बसले होते की उचलली जीभ लावली टाळ्याला. माइकवर खणखणीत आवाजात म्हणाले, “मैं अभी आती हूँ.”

‘अभी’ कुठून आला, आजतागायत मला माहीत नाही. सिनेमात ‘अभी’ नव्हता. तो माझ्या घाईतला होता.

सून फाटकातून बाहेर पडली आणि सिनेमा घरातच राहिला. म्हातारी तांदूळ निवडत राहिली. ऊन ओसरीवरून उतरलं. पोस्टात काम करणारा नवरा सायकलवरून आला, त्याने हातपाय धुतले, इकडेतिकडे पाहिलं, काही विचारलं नाही. आणि मला हळूहळू कळायला लागलं की ती बाई परत यायची नाही. अख्खा सिनेमा तिच्या मागे उरलेल्या घराचा आहे. ती निघून गेलीय, आणि मी भर सभेत शंभर लोकांना सांगून बसलेय की ती आत्ता येतेय.

हॉलमध्ये एक विलक्षण गोष्ट घडत होती. एरवी पहिलं रीळ संपेपर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्या व्हायच्या. त्या दिवशी कोणी हललं नाही. सगळे वाट बघत होते. पडद्यावर फाटक दिसलं की रांगाच्या रांगा पुढे सरकायच्या. कुत्रं आत आलं तर सुस्कारे. मल्होत्रा आंटींचं विणकाम मांडीवर पडून होतं. बाबा आनंदाने फुलून गेले होते. त्यांना वाटत होतं, लोकांना सिनेमा कळतोय. आणि मी खुर्चीत पाय हलवत, घड्याळ बघत, वाट बघणाऱ्या माणसांकडे बघत बसले होते. खरं काय ते मलाच ठाऊक होतं आणि मी त्यांना सांगत नव्हते. माझ्या डाव्या हाताला बसलेल्या बाबांच्या बाबतीतही तेच होतं.

रीळ संपलं. दिवे लागले. मी बाबांचा हात धरला. “बाबा, एक बोलायचंय.”

“आधी रीळ धर.”

मी रीळ धरलं. तेवढ्यात मल्होत्रा आंटी वळून म्हणाल्या, “मनीषा बेटा, वो बहू गई कहाँ है? मायके गई है क्या? कब आएगी?”

“देखते हैं, आंटी,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मागच्या रांगेतल्या जवानांपैकी एक हवालदार उठून पाणी प्यायला चालले होते. ते माझ्यापाशी थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, “ताई, ती न्हाय यायची.”

“तुम्ही पाहिलाय हा सिनेमा?”

“न्हाय वो. दांडीवरलं ओलं लुगडं वडून पिशवीत घातलं तिनं. माघारी येनारं मानूस ओलं लुगडं न्हेतंय व्हय?”

मी ते पाहिलंच नव्हतं. दांडीपाशी ती थांबली होती खरी, पण मी तेव्हा शब्दाची वाट बघत होते. महाराष्ट्रातून इतक्या लांब, ढोलकीच्या आशेने आलेल्या त्या माणसाने एक लुगडं पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. घरचं कोणी तरी असं निघून गेल्याशिवाय इतकं चटकन दिसत नसावं, असं मला आज वाटतं. तेव्हा फक्त लाज वाटली.

उरलेली दोन रिळं मी कशी काढली ते मलाच माहीत. वाक्यं थोडी होती, ती मी खाली मान घालून सांगितली. मधे एकदा वाटलं, सांगून टाकावं माइकवर, की माफ करा, ती येणार नाही. पण माइक तोंडाशी नेला आणि जाणवलं की जे वाक्य बाहेर पडेल ते भलतंच असेल. ‘मी येणार नाही.’ जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते मला त्या खुर्चीत समजलं. आणि खरं सांगते, त्या दिवशी प्रथमच मी एक संथ सिनेमा पूर्ण पाहिला. म्हातारी शेवटी ताटं घ्यायला उठते आणि तीन घेते. मग एक परत ठेवते. बस, एवढंच. तेवढ्यानेच माझे डोळे भरून आले आणि मी माइक बंद केला.

दिवे लागले तेव्हा हॉलमध्ये कल्ला झाला. “आई ही नहीं!” मल्होत्रा आंटी बाबांकडे आल्या, जणू त्यांनीच सून लपवून ठेवली होती. “भाईसाहब, उसने कहा था अभी आती हूँ!”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सगळ्यांदेखत शोभा होणार. त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला, खाकरले आणि आपल्या साताऱ्याच्या हिंदीत म्हणाले, “देखिए, गलती भाषांतर की नहीं है. हमारे में जानेवाला आदमी ‘जाता हूँ’ नहीं बोलता. अपशकुन होता है. वो ‘आता हूँ’ बोलता है. फिर वो आए, न आए.” मग थोडं थांबून म्हणाले, “पीछे रहनेवाला समझ जाता है. वो पूछता नहीं.”

माझ्याकडे न बघता त्यांनी माइक खाली ठेवला आणि रीळ उलटं गुंडाळायला घेतलं. लोक समाधान न होताच पांगले. हवालदारांनी जाताना बाबांना सॅल्यूट ठोकला. मी दोन डबे बंद केले, तिसऱ्याचं झाकण चुकीचं बसवलं, काढलं, पुन्हा बसवलं. ‘वो पूछता नहीं’ हे त्यांनी कोणाला सांगितलं होतं, त्याचा मी अजूनही विचार करते. कदाचित कोणालाच नाही. बाबांना सिनेमावर बोलायला आवडायचं.

पुढे मानेसरनंतर मी तीनदा नोकरी बदलली. बाजरीच्या शेतांवर आता जे उभं आहे त्यातल्याच एका इमारतीत मी राहते. साताऱ्यातल्या पूर्वेकडच्या खोलीत आई गाद्या आणि कणगी ठेवायची, आणि सकाळचं ऊन थेट गाद्यांवर पडायचं, त्यामुळे गाद्यांना कधी वास आला नाही. मी सुट्टीत गेले की तिथेच झोपायची. आता बाबा नाहीत, आणि मला सिनेमातली चार मिनिटं आता लांब वाटत नाहीत. चुळबुळ मात्र गेलेली नाही. ती वयाबरोबर जाते म्हणतात, ते खोटं आहे. ती फक्त पायातून निघून दुसरीकडे कुठे तरी जाऊन बसते.

त्या रविवारी संध्याकाळी आम्ही स्कूटरवरून प्रोजेक्टर परत करायला निघालो. तो पायापाशी, डबे माझ्या मांडीवर, बाबा पुढे आणि मी मागे. दिवस लहान व्हायला लागले होते, रस्त्यावर दिवाळीची गर्दी होती, आणि सातविणींचा वास इतका की श्वास घेताना जड वाटत होतं. चेहरा दिसत नसलेल्या माणसाला सांगणं सोपं जातं. मी त्यांच्या पाठीला म्हणाले, “बाबा, मी साताऱ्याला येत नाहीये. मला मानेसरला कायम करतायत. मी हो म्हणणार आहे.”

वारा होता, डोक्यावर हेल्मेट होतं. मी पुढे वाकून पुन्हा मोठ्यांदा सगळं सांगितलं.

“ऐकलं,” बाबा म्हणाले. “दोन्ही वेळा ऐकलं.”

मग त्यांनी मान थोडी वळवली. “राहणार कुठे?”

“मुनिरक्यात. खोली बघितलीय.”

“पाणी किती वेळ येतं?”

“सकाळी तासभर. गच्चीवर टाकी आहे.”

“हं.” पुढे लाल सिग्नल लागला. स्कूटर थांबली. “आईला मी सांगतो. तू सांगितलंस तर ती रडेल. मी सांगितलं तर भांडेल. भांडलेली परवडते.”

मला हसू आलं आणि त्याच्यामागोमाग रडू. “आणि तुम्ही?” मी विचारलं.

त्यांनी हेल्मेटच्या काचेखाली बोटं घालून काहीतरी पुसलं. सिग्नल हिरवा झाला. शेजारच्या गाड्या निघाल्या, मागच्या बसवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. बाबांनी गिअर टाकला नाही.

“बाबा, हिरवा झाला.”

“दिसतंय मला,” ते म्हणाले.

त्यांना काही दिसत नव्हतं. मी डबे सांभाळत खाली उतरले, एका हाताने हँडल धरलं, आणि आम्ही दोघांनी स्कूटर ढकलत रस्त्याच्या कडेला घेतली.